फक्त क्लोरीन पाहणारा डोळा

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत लॅसेनची कसोटी केली नाही असा विज्ञानाचा विद्यार्थी विरळाच. सेंद्रिय पदार्थाची चिमूट आणि सोडियम धातूचा छोटासा तुकडा एका बारीक काचनळीत घालून तापवायचा, नळी लालबुंद झाली की ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवायची आणि मिळालेले द्रावण गाळून घ्यायचे. या द्रावणात नायट्रिक आम्ल घालून उकळल्यावर सिल्व्हर नायट्रेटने पांढरा अवक्षेप आला तर पदार्थात क्लोरीन आहे. फेरस सल्फेटने प्रशियन निळा रंग आला तर नायट्रोजन आणि सोडियम नायट्रोप्रुसाइडने जांभळा रंग आला तर गंधक. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅसेन यांनी ही युक्ती १८४३ साली सांगितली. पुढे १८७२ साली रशियातील बाइलस्टाइन यांनी क्लोरीनसाठी आणखी सोपी कसोटी दिली. तांब्याची तार पदार्थात बुडवून ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पदार्थात हॅलोजन असण्याचा संभव मोठा.

या दोन्ही कसोट्यांचे वैशिष्ट्य असे, की पदार्थ नेमका कोणता हे त्या विचारतच नाहीत. त्यांचा प्रश्न एवढाच असतो : यात अमुक मूलद्रव्य आहे की नाही? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न चिमूटभर पदार्थाऐवजी शंभर कोटी भागांतल्या एका भागाला, आणि नंतर लाख कोटी भागांतल्या एका भागाला विचारता येऊ लागला. त्यातून कीटकनाशकांचा जगभरचा प्रसार उघड झाला आणि ओझोनच्या थरावरचे संकट कळण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र याच प्रश्नाने काही वेळा शास्त्रज्ञांची दिशाभूलही केली. हा इतिहास शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. उपकरण किती सूक्ष्म मोजते आणि उपकरण काय सांगते या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल.

जत्रेची गल्ली आणि तिच्या टोकाचा पहारेकरी

प्रथम गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एखाद्या लांबलचक, अरुंद गल्लीत जत्रा भरली आहे अशी कल्पना करा. एका टोकाने शंभर माणसे एकदमच आत शिरली. काही सरळ चालत गेली, काही प्रत्येक दुकानापाशी रेंगाळली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ती एकत्र न पोचता आपापल्या सवयीप्रमाणे मागेपुढे पोचतील. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये गल्लीच्या जागी एक लांब, बारीक नळी म्हणजे स्तंभ असतो. त्यात क्वचितच बाष्प होणाऱ्या द्रवाचा लेप असतो आणि त्यातून नायट्रोजन किंवा हीलियमसारखा वाहक वायू सतत वाहत असतो. मिश्रणाची वाफ आत सोडली, की लेपात जास्त विरघळणारे घटक रेंगाळतात आणि कमी विरघळणारे लवकर बाहेर पडतात.

फिरता टप्पा द्रवाऐवजी वायूचा घेता येईल, ही कल्पना आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ सालच्या आपल्या निबंधातच मांडली होती. त्यांच्या विभाजन क्रोमॅटोग्राफीला १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मार्टिन आणि टोनी जेम्स यांनी वायूची कल्पना प्रत्यक्षात आणल्याचा निबंध प्रसिद्ध केला.

पण घटक वेगळे होऊन बाहेर पडले तरी ते दिसणार कसे? त्यासाठी गल्लीच्या टोकाला पहारेकरी हवा. त्याला इंग्रजीत डिटेक्टर म्हणतात, येथे आपण शोधक म्हणू. जेम्स आणि मार्टिन यांनी मेदाम्ले वेगळी केली होती. स्तंभातून बाहेर येणारे आम्ल पाण्यात घेऊन त्यांनी त्याचे अल्कलीने स्वयंचलित अनुमापन केले. म्हणजे या तंत्राचा पहिला शोधक चक्क एक ब्यूरेट होता! तो फक्त आम्ले मोजत असे, इतर कशाचीही दखल घेत नसे.

लवकरच सर्वांची दखल घेणारे शोधकही आले. १९५८ साली ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे ज्योत आयनीभवन शोधक तयार केला. शुद्ध हायड्रोजनच्या ज्योतीत आयन जवळजवळ नसतात. कार्बनचे संयुग ज्योतीत आले की आयन तयार होतात आणि बारीकसा विद्युतप्रवाह वाहू लागतो. जवळपास सर्व सेंद्रिय पदार्थ त्यामुळे मोजता येऊ लागले.

अडचण मात्र येथेच सुरू झाली. दुधातले डीडीटी मोजायचे आहे असे समजा. दुधाच्या अर्कात मेद आणि इतर सेंद्रिय द्रव्यांची गर्दी असते आणि डीडीटी त्यात दहा लाखांत एखादा भाग, किंवा त्याहूनही कमी. प्रत्येक डोके मोजणाऱ्या पहारेकऱ्याला या गर्दीत तो एक माणूस सापडणे कठीण. पण हव्या असलेल्या माणसाने लाल फेटा बांधला असेल आणि पहारेकरी फक्त लाल फेटेच मोजत असेल तर? डीडीटीच्या रेणूत क्लोरीनचे पाच अणू असतात, मेदात मात्र एकही नसतो. क्लोरीन हा तो लाल फेटा.

पुन्हा एकदा सिल्व्हर क्लोराइड

क्लोरीनचा असा निवडक शोधक अमेरिकेत डेल कूल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास कीटकनाशकांसाठी वापरात आणला. त्याची रीत वाचताना लॅसेनची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. स्तंभातून बाहेर आलेला पदार्थ भट्टीत जाळायचा. त्यातल्या क्लोरीनचे हायड्रोजन क्लोराइड होते. ते एका छोट्या घटात विरघळले की चांदीच्या आयनांबरोबर सिल्व्हर क्लोराइडचा अवक्षेप पडतो. कमी झालेले चांदीचे आयन विजेच्या साहाय्याने पुन्हा तयार केले जातात आणि त्यासाठी किती विद्युतभार लागला यावरून क्लोरीन किती होता ते कळते. सुमारे ११७ वर्षांपूर्वीची परीक्षानळीतली कसोटी आता वाहत्या वायूवर, आपोआप आणि संख्येत उत्तर देत होती.

ही पद्धत विश्वासार्ह होती, पण तिची सूक्ष्मता मर्यादित होती. तोवर इंग्लंडमध्ये एका वेगळ्याच वाटेने दुसरा शोधक तयार झाला होता.

लव्हलॉक यांचा शोधक

जेम्स लव्हलॉक (१९१९–२०२२) हे लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करीत. गोठवलेल्या पेशींना इजा का होते, हा त्यांचा विषय. त्यासाठी पेशीपटलांतली मेदाम्ले मोजणे आवश्यक होते. जेम्स आणि मार्टिन त्याच संस्थेत असल्याने ते त्यांच्याकडे गेले, पण लव्हलॉक यांच्याकडचे नमुने उपलब्ध शोधकांसाठी फारच तुटपुंजे होते. मग अधिक संवेदनक्षम शोधक स्वतःच बनवायचे त्यांनी ठरवले. या खटपटीतून १९५७ साली इलेक्ट्रॉन ग्रहण शोधकाचा जन्म झाला.

त्याची रचना साधी आहे. काडेपेटीहूनही लहान अशा एका कोठडीत किरणोत्सारी पदार्थाचा पातळ पत्रा असतो. पुढच्या काळात त्यासाठी निकेल-६३ रूढ झाले. त्यातून निघणारे बीटा कण वाहक वायूच्या रेणूंवर आदळून त्यांतून शेकडो मंदगती इलेक्ट्रॉन मोकळे करतात. कोठडीला थोडा विद्युतदाब दिला की हे इलेक्ट्रॉन धनाग्राकडे जातात आणि एक छोटा, स्थिर प्रवाह वाहत राहतो. आता क्लोरीनयुक्त रेणू आत आला तर तो इलेक्ट्रॉन पकडतो आणि ऋण आयन बनतो. हा आयन इलेक्ट्रॉनच्या मानाने फारच जड आणि सुस्त असल्याने धनाग्रापर्यंत पोचण्याआधीच एखाद्या धन आयनाशी गाठ पडून विझून जातो. प्रवाह तेवढा कमी होतो आणि ही घटच आपण मोजतो. दिव्यापुढून कोणी गेले तर माणूस दिसला नाही तरी सावली दिसते, त्यातला हा प्रकार.

कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या संयुगाला हा शोधक साध्या हायड्रोकार्बनच्या तुलनेत लाखो पटींनी अधिक प्रतिसाद देतो. येथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. कूल्सन यांचा शोधक खरोखर क्लोरीन मोजत होता. लव्हलॉक यांचा शोधक मोजतो ती रेणूची इलेक्ट्रॉनची भूक. हॅलोजनयुक्त रेणूंना ती बहुधा मोठी असते, पण नायट्रो गट असलेल्या काही संयुगांना, ऑक्सिजनला आणि मूलद्रव्यरूपी गंधकालाही ती असते. शिवाय रेणूतल्या क्लोरीनच्या अणूंची संख्या आणि त्यांची जागा बदलली की प्रतिसादही खूप बदलतो. हा बारकावा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पेंग्विनच्या चरबीतले डीडीटी

रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. ते या शोधकाने मिळवलेल्या आकड्यांवर उभे होते असे पुष्कळदा सांगितले जाते, पण कालक्रम नीट पाहिला तर ते बरोबर नाही. पुस्तकातला पुरावा प्रामुख्याने आधीच्या दशकांतला आहे आणि त्या काळी डीडीटी रंगमापनासारख्या जुन्या पद्धतींनी मोजले जाई. कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी इलेक्ट्रॉन ग्रहण शोधकाचा वापर १९६१-६२ च्या सुमारास सुरू झाला. पुस्तकाने उठवलेल्या वादात पुढची दहा वर्षे आकडे पुरवले ते मात्र प्रामुख्याने या शोधकाने. १९६६ साली अंटार्क्टिकातल्या अ‍ॅडेली पेंग्विनच्या शरीरात डीडीटीचे अंश सापडल्याचे प्रसिद्ध झाले. जेथे शेती नाही, डास नाहीत, फवारणी नाही, तेथेही ते पोचले होते. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. भारतात शेतीसाठीचा वापर १९८९ साली थांबवण्यात आला. हिवतापाविरुद्धचा मर्यादित वापर पुढेही चालू राहिला.

दरम्यान क्लोरीनच्या जोडीला इतर मूलद्रव्यांसाठीही शोधक तयार होत होते. पॅराथिऑन, मॅलॅथिऑन ही कीटकनाशके फॉस्फरसची. १९६४ साली कारमेन आणि ज्युफ्रिडा यांनी दाखवले, की ज्योतीच्या शोधकात अल्कली धातूचा क्षार ठेवला तर फॉस्फरस आणि हॅलोजन यांच्या संयुगांचा प्रतिसाद कितीतरी पटींनी वाढतो. १९७४ साली रुबिडियमच्या मण्याचा वापर करून नायट्रोजन आणि फॉस्फरससाठीचा शोधक यातूनच विकसित झाला. १९६६ साली ब्रोडी आणि चेनी यांनी ज्योतीच्या रंगाचाच उपयोग केला. हायड्रोजनच्या ज्योतीत फॉस्फरसची संयुगे हिरवा प्रकाश देतात, गंधकाची निळा-जांभळा. त्या त्या रंगाची काच पुढे ठेवून प्रकाश मोजायचा. गंधकाच्या बाबतीत हा प्रकाश दोन अणू एकत्र येऊन बनलेल्या रेणूचा असतो. त्यामुळे गंधक दुप्पट झाले तर प्रकाश साधारण चौपट होतो. वर्गमूळ काढल्याशिवाय प्रमाण कळत नाही, असे हे गणित!

अनोळखी शिखरे

आता पहारेकऱ्याच्या मर्यादेकडे वळू. तो दोनच गोष्टी सांगतो : लाल फेटेवाला आला, आणि अमुक वाजता आला. माणूस कोण हे आपण त्याच्या येण्याच्या वेळेवरून ठरवतो. त्याच वेळी दुसराही कोणी लाल फेटा बांधून आला तर?

स्वीडनमधील सॉरेन येन्सेन हे १९६४ पासून मासे आणि पक्षी यांच्या शरीरातले डीडीटी मोजत होते. त्यांच्या आलेखांवर डीडीटीच्या शिखरांच्या आगेमागे काही अनोळखी शिखरे सतत दिसत. बाल्टिक समुद्राकाठच्या पांढऱ्या शेपटीच्या गरुडांत ती मोठी होती. डीडीटीचाच एखादा विघटित भाग असेल असे म्हणून ती सोडून देता आली असती. येन्सेन यांनी तसे केले नाही. संग्रहालयात जतन केलेली गरुडांची जुनी पिसे त्यांनी तपासली, तर १९४४ सालच्या पिसांतही तीच शिखरे आढळली. डीडीटीचा सर्रास वापर तर दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. म्हणजे हे काहीतरी निराळेच होते.

वस्तुमान वर्णपटमापकाच्या मदतीने ते पदार्थ पॉलीक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजे पीसीबी, असल्याचे सिद्ध झाले. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आणि अनेक उद्योगांत वापरली जाणारी ही द्रव्ये १९२९ पासून व्यापारी प्रमाणावर तयार होत होती. ती निसर्गात पसरली असतील अशी शंका कोणाला आली नव्हती. येन्सेन यांचे निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाले आणि डीडीटीचे म्हणून नोंदलेल्या काही जुन्या आकड्यांत पीसीबीचा वाटा किती, हा प्रश्न उभा राहिला.

याहूनही बोलके उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे. तेथे १९१० च्या सुमारास गोळा करून बरण्यांत बंद करून ठेवलेले मातीचे नमुने होते. फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उघडून नव्या पद्धतीने तपासले आणि १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या मातीतही क्लोरीनयुक्त कीटकनाशके ‘आढळली’! डीडीटीचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी ओळखला तो १९३९ साली. त्याआधीच्या मातीत ते असणे अशक्य. इलेक्ट्रॉनची भूक असलेली दुसरीच कोणती द्रव्ये त्याच वेळेला स्तंभातून बाहेर पडत होती.

यावरून शोधक निरुपयोगी ठरत नाही. एका पुराव्यावर नाव ठरवू नये, एवढाच याचा अर्थ. तेव्हापासून वेगळ्या लेपाचा दुसरा स्तंभ वापरून, किंवा वस्तुमान वर्णपटमापकाने, प्रत्येक महत्त्वाच्या शिखराची खातरजमा करण्याची रीत पडली.

निर्मनुष्य समुद्रावरची हवा

फ्रिजमधील वायू कोठून गळतो हे शोधण्यासाठी पूर्वी दुरुस्ती करणारे कारागीर एक दिवा वापरीत. त्याच्या ज्योतीत तांब्याचा भाग असे. गळणारा फ्रिऑन त्यात ओढला गेला की ज्योत हिरवी होई. बाइलस्टाइन यांचीच ती कसोटी. फ्रिऑन म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बन. विषारी नाही, पेट घेत नाही, कशाशी अभिक्रिया करीत नाही, म्हणून ते आदर्श मानले गेले होते. गळून हवेत गेलेल्या या वायूचे पुढे काय होते, याचा विचार कोणी केला नव्हता.

लव्हलॉक यांनी आपला शोधक बसवलेले घरगुती बनावटीचे उपकरण घेऊन हवा तपासायला सुरुवात केली. १९७१-७२ साली ‘शॅकल्टन’ या संशोधन जहाजाच्या ब्रिटन ते अंटार्क्टिका या सफरीत हे उपकरण होते. या सफरीसाठी केलेला अनुदानाचा अर्ज नामंजूर झाला होता, तरी काम थांबले नाही. भर समुद्रात, वस्तीपासून हजारो किलोमीटर दूर, दोन्ही गोलार्धांत त्यांना सीएफसी-११ सापडले. त्याचे प्रमाण लाख कोटी रेणूंत सुमारे पन्नास होते. ज्योत हिरवी करणाऱ्या दिव्याच्या हे स्वप्नातही आले नसते.

या आकड्यातून आणखी एक गोष्ट निघाली. सगळ्या वातावरणात मिळून जितके सीएफसी-११ भरले, ते जगात तोवर तयार झालेल्या एकूण सीएफसी-११ च्या जवळपास होते. म्हणजे ते कोठेच नष्ट होत नव्हते. १९७३ साली ‘नेचर’मध्ये हे निष्कर्ष आले. त्या निबंधात या वायूंपासून कसलाही धोका संभवत नाही अशा अर्थाचे विधानही होते. ते चुकीचे होते हे लव्हलॉक यांनी पुढे स्वतः मान्य केले.

अमेरिकेत शेरवूड रोलंड यांनी हाच आकडा ऐकला आणि वेगळा प्रश्न विचारला : खाली नष्ट होत नसेल तर शेवटी जाते कोठे? मारिओ मोलिना यांच्यासह त्यांनी गणित मांडले. हे रेणू सावकाश स्थितांबरात चढतात, तेथे अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू नष्ट करतो. हा निबंध १९७४ साली आला. १९८५ साली फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट जाहीर केली. १९८७ साली मॉन्ट्रिअल करार झाला. १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्रूटझन, मोलिना आणि रोलंड यांना मिळाले.

लव्हलॉक आणि रोलंड यांच्यापुढे आकडा एकच होता. एकाने त्यावरून विष आहे का ते पाहिले, तर दुसऱ्याने त्याचा पुढचा प्रवास पाहिला. आकडा शोधकाने दिला, अर्थ मात्र प्रश्नातून आला.

आजची स्थिती

१९६५ साली प्रायोगिक स्वरूपात पुढे आलेला आणि १९८९ साली बाजारात आलेला अणु उत्सर्जन शोधक रेणूंचे तप्त हीलियमच्या प्लाझ्मात तुकडे करतो आणि प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या स्वतःच्या तरंगलांबीवरून ओळखतो. आज बहुतेक अवशेष-तपासण्या वस्तुमान वर्णपटमापकाने होतात. महाराष्ट्राला हा विषय द्राक्षांमुळे चांगलाच परिचित आहे. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी तपासणीची देशव्यापी योजना आखली गेली आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली.

इलेक्ट्रॉन ग्रहण शोधकही निवृत्त झालेला नाही. हवेतल्या सीएफसी वायूंच्या दीर्घकालीन नोंदींत त्याचा वाटा मोठा आहे. अशाच नोंदींवरून २०१८ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले, की उत्पादनबंदी असूनही सीएफसी-११ ची घट २०१२ नंतर मंदावली आहे. कोणीतरी ते चोरून तयार करीत होते. २०१९ साली पूर्व चीन हा त्याचा एक मोठा स्रोत असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यानंतर उत्सर्जन पुन्हा घटले. मोजणारे होते म्हणून कराराचा भंग उघडकीस आला.

वर्गात काय करता येईल?

तांब्याची जाड तार चिमट्यात धरून बर्नरच्या निळ्या ज्योतीत हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत तापवावी. गरम तार पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरावी; हिरवी ज्योत दिसेल. मग दुसऱ्या स्वच्छ तारेने पॉलिथीनच्या पिशवीचा तुकडा तपासावा. त्यात क्लोरीन नसल्याने हिरवा रंग येणार नाही. धूर विषारी असतो, म्हणून प्रयोग शिक्षकांनी स्वतः, धूरकपाटात किंवा मोकळ्या हवेशीर जागी, कणभर पदार्थ घेऊनच करावा.

यानंतर विद्यार्थ्यांना विचारावे : हिरव्या ज्योतीने काय सिद्ध झाले? ‘हे पीव्हीसी आहे’ असे उत्तर बहुतेक जण देतील. त्यांना थांबवून पुन्हा विचार करायला लावावा. ज्योतीने हॅलोजनची खूण दिली. पीव्हीसी हे नाव आपण आधीपासून जाणत होतो, ज्योतीला ते ठाऊक नाही. वर्तमानपत्रात ‘भाजीत अमुक कीटकनाशक सापडले’ अशी बातमी आली, की ते कोणत्या पद्धतीने मोजले आणि दुसऱ्या पद्धतीने पडताळले का, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारले तर गरुडाच्या पिसांनी आणि १९१० च्या मातीने शिकवलेला धडा त्यांच्यापर्यंत पोचला असे म्हणता येईल.